आधी त्यांना फोन कर

गेल्या गणपतीपासून तू एकच प्रश्न उराशी धरून बसला आहेस: दादरच्या ज्या मॅडमकडे दीड वर्ष थेरपीला जात होतास, त्यांच्याकडे परत जावं की जाऊ नये. बायकोला विचारून झालं. मेव्हण्याला विचारून झालं. ऑफिसातल्या ज्या मित्राने आयुष्यात कधी अशा ठिकाणची पायरी चढलेली नाही, त्याचंही मत घेऊन झालं. आणि काल माझ्याकडे आलास. काल मी ऐकून घेतलं, कारण तुझा चेहरा कित्येक रात्री न झोपलेल्या माणसाचा होता. आज मी बोलणार आहे आणि तू ऐकणार आहेस. वर्गात तुला उभं करून बोलत असे, तसंच बोलेन. तू आता चौतिशीचा झालास, एका मुलीचा बाप झालास, म्हणून माझा आवाज खाली येणार नाही.

इतक्यांना विचारलंस, पण ज्यांच्यापाशी या प्रश्नाचं उत्तर आहे त्यांना विचारलं नाहीस. का? कारण त्यांना विचारलं की उत्तर मिळेल, आणि उत्तर मिळालं की काहीतरी करावं लागेल. याला विचार करणं म्हणत नाहीत, वेळ काढणं म्हणतात. हुशार मुलांची ही खोड मी आयुष्यभर पाहत आले. आळशी मुलगा गृहपाठ टाळतो तेव्हा ते निदान दिसतं तरी. हुशार मुलगा टाळतो तेव्हा चार पुस्तकं उघडून बसतो. तू फोनमध्ये 'जाण्याची कारणं' आणि 'न जाण्याची कारणं' अशा दोन याद्या केल्या आहेस आणि जमेल तशी त्यांत भर घालतोस. दोन्ही पुसून टाक.

तुझ्याकडे तिसरी एक यादी आहे, तीच खरी. काल खिशातल्या पाकिटातून घडी घातलेला कागद काढून तू मला वाचून दाखवलास. मॅडमनी तुझ्याकडून तो लिहून घेतला होता, तू बरा होत आलास तेव्हा. त्रास परत येऊ लागला तर कोणत्या खुणा आधी दिसतील, त्या तुझ्या तूच लिहायच्या होत्या. पहाटे तीनला जाग येणं. जेवण पुढ्यात आल्यावर नकोसं होणं. मुलीवर क्षुल्लक गोष्टीवरून ओरडणं. ऑफिस सुटल्यावर सीएसएमटीच्या फलाटावर उगाच गाड्या सोडत उभं राहणं, कारण घरी जावंसं वाटत नाही. मित्रांचे फोन न उचलणं. यातल्या चार गोष्टी आज घडताहेत हे तूच मला सांगितलंस. मग मी कागद हातात घेऊन खालची ओळ वाचली. 'यातल्या तीन दिसल्या तर मॅडमना फोन करणे.' अक्षर तुझं होतं. मी ते अक्षर ओळखते, त्याच्यावर माझी लाल शाई फिरलेली आहे.

म्हणजे तू ठणठणीत असताना, डोकं शांत असताना निर्णय घेऊन ठेवला होतास. आज डोकं ठिकाणावर नसताना तो निर्णय पुन्हा चर्चेला काढून बसला आहेस. कोणाचं ऐकायचं, त्या दिवशीच्या तुझं की आजच्या तुझं, हे सांगायला बाई कशाला हव्यात?

गणपतीनंतर बघू म्हणालास. लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला मी गणपतीचं महत्त्व शिकवत नाही. आगमनापासून विसर्जनापर्यंत तिथे रस्ताही आपला नसतो आणि घरही आपलं नसतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण गणपती गेले तेव्हा पितृपक्ष आला, मग नवरात्र, मग दिवाळी, आणि आता म्हणतोस मार्चएंड होऊन जाऊ दे. त्या काळात तुझ्या मुलीने काय पाहिलं? बाप घरात असून नसल्यासारखा. तिला पंचांग कळत नाही.

आता तुझी पहिली सबब. 'बाई, परत गेलो म्हणजे तेव्हाची सगळी मेहनत वाया गेली. म्हणजे मी नापासच.' हा शब्द तू माझ्यासमोर वापरलास याचा मला फार राग आला. नैराश्य एकदा येऊन गेलेल्यांपैकी निदान निम्म्या लोकांना ते आयुष्यात पुन्हा गाठतं. हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असतं, म्हणून तर मॅडमनी तो कागद लिहून घेतला. ॲरन बेक यांनी घडवलेल्या सीबीटी या उपचारपद्धतीत तर उपचार संपल्यावर तीन, सहा आणि बारा महिन्यांनी पुन्हा भेटावं असं ज्युडिथ बेक यांच्या पाठ्यपुस्तकातच सुचवलेलं आहे. परत येणं हे त्या उपचाराच्या आराखड्यात पहिल्यापासून धरलेलं असतं. आणि फ्रॉइडचं नाव तुला माहीत आहे. त्यांनी १९३७ साली, वयाच्या ऐंशीनंतर, एक निबंध लिहिला. विषय हाच, की असा उपचार कधी संपतो का. त्यात रुग्णांचं सोडाच, स्वतः मनोविश्लेषण करणाऱ्यांनी दर पाच वर्षांनी पुन्हा दुसऱ्यासमोर बसावं आणि त्याची लाज बाळगू नये, असं त्यांनी म्हटलं आहे. जे उपचार करतात त्यांना जी लाज बाळगायची नाही, ती तू कशाला बाळगतोस?

अल्बर्ट एलिस यांनी एक गोष्ट फार नेमकी दाखवून दिली. माणूस आधी अस्वस्थ होतो आणि मग आपण अस्वस्थ झालो याबद्दल आणखी अस्वस्थ होतो. आणि पुष्कळदा ही दुसरी अस्वस्थताच त्याला जागचा हलू देत नाही. एलिस यांचं हे काम मुंबईत रुजवणारे कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, मराठी माणसांना ही विचारपद्धत समजावून दिली. तुझ्यासारख्यांसाठीच ते सगळं झालं. पहाटे तीनला जाग येते हा तुझा पहिला त्रास. 'मला पुन्हा जाग येते म्हणजे मी कुचकामी' हा दुसरा. पहिल्यावर उपाय आहे आणि तो तुला एकदा लागू पडलेला आहे. दुसरा तू स्वतःच्या हाताने रोज वाढवतो आहेस.

दुसरी सबब, तोंड दाखवायची. शेवटचे दोन बुधवार तू न कळवता गेला नाहीस. त्यांचे दोन निरोप आले, तू उत्तर दिलं नाहीस. हे चूक होतं आणि मी ते गोड करून सांगणार नाही. संध्याकाळी सातची वेळ त्या तुझ्यासाठी अडवून बसल्या होत्या. ती वेळ दुसऱ्या कोणाला तरी हवी होती. त्या सेशनचे पैसे द्यायचे राहिले असतील तर पहिल्याच भेटीत ते दे. पण तेवढ्यावरून त्या तुला दारातून परत पाठवतील असं समजणं हा तुझा गैरसमज आहे. जोशुआ स्विफ्ट आणि रॉजर ग्रीनबर्ग यांनी २०१२ साली सहाशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर साधारण पाचातला एक माणूस मानसोपचार अर्ध्यावर सोडतो असं निघालं. थेरपिस्टच्या दृष्टीने हे रोजचं आहे. परळच्या केईएमच्या ओपीडीत जाऊन बस एखाद्या सकाळी. गोळ्या मधेच बंद करून पुन्हा आलेली माणसं जुना, मऊ पडलेला केसपेपर हातात धरून रांगेत उभी असतात. त्यांत हमाली करणारे असतात, घरकाम करणाऱ्या बाया असतात. त्यांना तुझ्याइतकं शिक्षण नाही, पण परत यावं लागतं तेव्हा परत यायचं असतं एवढी अक्कल आहे.

आणि लोक काय म्हणतील, हे तर मला या वयात ऐकवूच नकोस. तुझ्या आजीच्या वेळी या गोष्टीला एकच नाव होतं, 'ठाण्याला पाठवलं', म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात. पण याच मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. के. के. मसानी यांनी १९३८ साली मानसोपचाराचा विभाग सुरू केला. ज्या इस्पितळात मोडलेला हात बसवतात त्याच इस्पितळात मनाचा दवाखाना. त्याला ८५ वर्षं उलटून गेली. तुझ्या इमारतीतल्या शेजाऱ्यांना तेवढा वेळ पुरला नसेल तर तो तुझा दोष नाही.

या सगळ्या सबबी मला वरवरच्या वाटल्या. खरं कारण तू काल उठता उठता, चपला घालताना सांगितलंस. नेहमी असंच असतं, मुलं दाराशी गेल्यावर खरं बोलतात.

तू म्हणालास की मॅडमनी एकदा सांगितलं, 'तुमचा राग तुमच्या वडिलांवर आहे.' आणि त्यानंतर तुझं जाणं कमी होत गेलं.

तुझ्या वडिलांना मी ओळखत होते. तसे बाप माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचे होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मागेही घेतला गेला नाही. तुझा जन्म त्याच्या कितीतरी नंतरचा. तू पाहिलेला बाप हा गिरणीच्या खात्यात साचा चालवणारा बाप नव्हताच. तो रात्रपाळीचा वॉचमन होता, आणि दिवसा गॅलरीत भिंतीकडे तोंड करून झोपलेला असे. तो कोणाला मारत नव्हता, पीत नव्हता. तो बोलत नव्हता. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, आणि त्यांतला एक गप्प. त्या गप्प बसण्याखाली तू वाढलास. आणि लालबाग-परळच्या घरात असा राग बोलून दाखवता येत नाही. ज्या माणसाचं सगळं गेलं, त्याच्यावर मुलाने रागवायचं? ते पाप वाटतं. त्या बापाने तुझी फी भरली, वह्या आणल्या, स्वतः एक शर्ट वर्षानुवर्षं घातला. त्याच्यावर राग आहे असं एका परक्या बाईने शांतपणे म्हटलं आणि तुझ्या अंगाची लाही झाली. त्यात त्या शिवाजी पार्कात वाढलेल्या. तुला वाटलं, या बाईला चाळ काय कळणार.

कदाचित त्यांना खरंच कळली नसेल. हे मी मान्य करते. दादर आणि लालबाग यांच्यात अंतर स्टेशनांचंच नाही. घाईने काढलेला निष्कर्ष असेल, शब्द चुकला असेल, वेळ चुकली असेल. किंवा त्या नेमक्या बरोबर बोलल्या असतील आणि म्हणून लागलं असेल. यांतलं कोणतं खरं, हे तुला माहीत नाही, मलाही नाही, आणि तुझ्या मेव्हण्याला तर मुळीच नाही. ते ठरवायची जागा त्यांची खोली होती, आणि नेमकी तिथून तू उठून आलास. तू त्यांना तोंडावर का म्हणाला नाहीस, 'मॅडम, हे मला लागलं. तुम्हाला आमची चाळ कळलेली नाही'? जेरेमी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं याच प्रसंगांचा अभ्यास केला. थेरपिस्ट आणि समोरचा माणूस यांच्यात तेढ येते, कधी उघड, कधी आतल्या आत, आणि ती दोघांनी मिळून दूर केली तर पुढचा उपचार चांगला चालतो, असं त्यांना आढळलं. तुझी तेढ आतल्या आत राहिली. त्या विचारत राहिल्या, तू 'ठीक आहे' म्हणत राहिलास, आणि एक दिवस जाणंच बंद केलंस.

ऐक, हे मी जपून बोलते आहे, पण बोलणार. तू त्यांच्यासमोर गप्प बसलास आणि निघून आलास. हे कोणाचं वागणं आहे ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तुझी मुलगी आता तीच शांतता पाहते आहे.

नवीन थेरपिस्ट शोधण्याचं तुझं चाललं आहे, तेही मी पाहिलं. ॲपवर फोटो बघतोस, अभिप्राय वाचतोस. नव्या माणसाकडे जाणं गुन्हा नाही. पण तुला नवा माणूस का हवा आहे? त्याच्यासमोर तुला तुझी गोष्ट पहिल्यापासून स्वच्छ करून सांगता येईल, त्यातून वडिलांचं पान गाळता येईल, म्हणून. जुन्या मॅडमना ते पान माहीत आहे. तुझी अडचण तीच आहे आणि त्यांच्याकडे जाण्याचं कारणही तेच आहे.

काही थेरपिस्टकडे अजिबात परत जायचं नसतं, हेही स्पष्ट सांगते, कारण हे वाचणारा प्रत्येक जण तुझ्यासारखाच असेल असं नाही. ज्याने अंगचटीला येण्याचा प्रयत्न केला, उपचाराबाहेरचे संबंध जोडायला पाहिले, पैशाचे व्यवहार केले, तुमची गोष्ट दुसऱ्याला सांगितली, धर्मावरून, जातीवरून किंवा कोणावर प्रेम करता यावरून तुम्हाला कमी लेखलं, त्याच्या दारात पाऊल ठेवायचं नाही. तो डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करायची. शिक्षणाचा पत्ता नसताना समुपदेशक म्हणून पाटी लावणारेही या शहरात आहेत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, ती विचारायला संकोच कसला? आणि गरजच बदलली असेल, म्हणजे दारू सुटत नाही, किंवा आवाज ऐकू येतात, किंवा हात धुणं थांबत नाही, तर त्या कामात मुरलेला माणूस शोधावा लागतो, औषधं लागतात. केईएम, नायर, जे. जे., तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत आणि खर्च खाजगीच्या मानाने काहीच नाही. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली म्हटलं की उपचाराचं नातं तीन गोष्टींवर उभं असतं: कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. तुझ्या बाबतीत विश्वास होता. नाहीतर तो कागद तू पाकिटात मुलीच्या फोटोमागे ठेवला नसतास. उरलेल्या दोन गोष्टींचं बोलणं त्यांच्यासमोर बसूनच होईल.

नाहीच पटलं तर तुझे हक्क माहीत करून घे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा आहे, २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात गुप्ततेचा हक्क आहे आणि आपल्या उपचारांच्या नोंदी मागण्याचाही हक्क आहे. म्हणजे उद्या दुसरीकडे जायचं ठरलं तरी कोऱ्या पाटीने जावं लागत नाही. पण चांगला निरोप घेऊन जा. 'मी आता दुसरीकडे जाणार आहे' हे त्यांना समोर सांगून केलेला बदल आणि न कळवता मारलेली बुट्टी, यांत फरक आहे. पहिल्याने माणूस मोकळा होतो. दुसऱ्याने काय होतं ते गेले सहा महिने तू भोगतो आहेस.

आता करायचं काय ते सांगते. निरोप लांब लिहायचा नाही. तू पान-पानभर खुलासे लिहिशील आणि मग ते पाठवणार नाहीस. एवढंच लिही: 'मॅडम, मी न सांगता येणं बंद केलं, त्याबद्दल माफी मागतो. त्रास पुन्हा सुरू झाला आहे. एकदा भेटायचं आहे, वेळ मिळेल का?' त्यांच्याकडे जागा नसेल तर त्या तसं सांगतील आणि दुसरं नाव सुचवतील. तो नकार तुझा अपमान नसतो. फी झेपत नसेल तर तेही सरळ सांग, पुष्कळ जण कमी करतात. ऑनलाइन नको. तुझ्या घरात दार लावून तासभर बोलायला जागा नाही, आणि मागच्या वेळी तू इमारतीच्या गच्चीवर टाकीमागे उभं राहून बोलायचास, ते मला पसंत नव्हतं. माणूस तिथे निम्मं बोलतो आणि अर्धा कान जिन्याकडे ठेवतो. प्रत्यक्ष जा. करी रोडहून दादर दुसरं स्टेशन आहे.

आणि पहिल्या भेटीत झोपेबद्दल बोलून वेळ घालवू नकोस. आधी वडिलांचं बोल. ते वाक्य मला लागलं, म्हणून मी पळालो, असं म्हण. त्या ते कसं ऐकतात यावरून तुला कळेल की तिथे राहायचं की नाही. त्यांनी ऐकून घेतलं, विचारलं, स्वतःचं चुकलं असेल तर कबूल केलं, तर रहा. उडवून लावलं, तर उठ आणि ये. मग मी स्वतः तुझ्यासाठी दुसरं नाव शोधीन. तीन-चार भेटींनंतर पुन्हा बघ. घरी बसून ही परीक्षा होत नाही.

एक गोष्ट वेगळी. काल मी विचारलं की जगणंच नको असं कधी वाटतं का, तेव्हा तू 'तसं नाही हो बाई' म्हणालास आणि खिडकीबाहेर पाहिलंस. तसं कधीही वाटलं, रात्री दोनला वाटलं तरी, तर वेळ मागून वाट बघायची नाही. बायकोला उठवायचं, १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर बोलायचं. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि केईएमची कॅज्युअल्टी तुझ्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. मलाही उठव. मी रागावणार नाही.

बाकी सगळ्यासाठी मी रागावलेली आहे. आज मंगळवार. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तो निरोप त्यांच्या फोनवर गेलेला असला पाहिजे. शनिवारी मी तुझ्याकडे फोन मागेन आणि बघेन.